दमसासाची मोजणी

पावसहून रत्नागिरीला निघाले की आधी चढण लागते. मग गोळपचा सडा, पुढे फणसोप, भाट्ये आणि खाडी. खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीत बसून पलीकडे जावे लागे. कोर्टाची तारीख असो, बाजार असो की शाळा, पावसची माणसे ही वाट पायी तुडवीत. चढणीला बोलणे आपोआप बंद पडे. सड्यावर सपाटी आली की गप्पा पुन्हा रंगत. उतरणीला दम लागत नसे, पण सकाळी उठल्यावर मांड्या भरून आलेल्या असत. वाट एकच आणि माणूसही तोच, तरी शरीर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वागते. कष्टकऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्यामागचा हिशेब मांडायला मात्र विज्ञानाला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली. या काळातले सगळ्यांत भरगच्च दशक १९२०चे. त्या दशकात मराठी माणसे या कथेच्या अगदी जवळ होती, काही मैदानावर आणि काही प्रयोगशाळेत. त्यांची नावे या इतिहासात एकत्र क्वचितच घेतली जातात, म्हणून हा लेख.

सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १७९० च्या आसपास लाव्हॉझिए या रसायनशास्त्रज्ञाने आपला सहकारी सेग्वँ याच्या तोंडावर मुखवटा बसवला आणि पायाने पट्टी दाबायचे काम करताना तो किती ऑक्सिजन घेतो ते मोजले. काम वाढले की ऑक्सिजन वाढतो, जेवणानंतर वाढतो, थंडीतही वाढतो. श्वास म्हणजे संथ ज्वलन आहे, हे त्यातून ठरले. १७९४ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हॉझिएचा शिरच्छेद झाला आणि पुढचा प्रश्न तसाच राहिला: जळते ते काय?

जर्मनीत लीबिग नावाच्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने ठामपणे सांगितले की स्नायू काम करतो तेव्हा तो स्वतःचेच मांस जाळतो, म्हणजे श्रमाचे इंधन प्रथिने. या मताला प्रचंड वजन होते. आपल्याकडच्या तालमीतल्या समजुतीशीही ते जुळते. बळ हवे तर बळ देणारेच खावे, असे कुठल्याही गावात कुणीही सांगेल. हे मत खोडून काढले दोन प्राध्यापकांनी, डोंगर चढून. ऑगस्ट १८६५ मध्ये झुरिचचे फिक आणि व्हिस्लिसेनुस हे आल्प्समधल्या फाउलहॉर्न शिखरावर गेले. सुमारे १९५० मीटरची उभी चढण होती. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. चरबीत तळलेले पिठाचे वडे आणि साखर घातलेला चहा, एवढेच पोटात होते. चढताना आणि चढल्यावर त्यांनी आपले मूत्र जमवले आणि त्यातला नायट्रोजन मोजला. प्रथिने जळली असती तर नायट्रोजन बाहेर पडलाच असता. जो पडला तो इतका कमी होता की तेवढ्या प्रथिनांच्या जोरावर दोन देह शिखरापर्यंत उचलले जाणे शक्यच नव्हते. स्नायूंचे रोजचे इंधन म्हणजे पिष्ट आणि चरबी. प्रथिने बांधणीसाठी, दुरुस्तीसाठी. फाउलहॉर्नची ही चढाई मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते, कारण तिच्यात उपकरण म्हणजे चढणाऱ्याचे स्वतःचे शरीर होते.

आता १९२० कडे येऊ.

पुण्यात डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ पासून होती. तिचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. पहिल्या महायुद्धानंतरच्या वार्षिक शर्यतींत त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेली शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहिली. शास्त्रशुद्ध सराव नाही, शर्यतीचे डावपेच माहीत नाहीत, पायांत बूट नाहीत, आणि तरी लांब पल्ल्याच्या त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. त्यातून कल्पना निघाली की बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठवायचा. दोराबजींनी स्वतःचे पैसे घातले. सहा जणांचा संघ गेला. त्यात बेळगावकडचा फडेप्पा चौगुले होता, सदाशिव दातार होता, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. त्या वर्षी तिचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुलेने २ तास ५० मिनिटांच्या किंचित वर वेळ देऊन एकोणिसावा क्रमांक मिळवला. शिंदे कुस्तीत पदकाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला आणि तिथे थांबला.

धावपटू आणि मल्ल एकाच बोटीतून गेले, पण त्यांची शरीरे दोन वेगळ्या व्यवहारांवर चालत होती. चौगुलेच्या धावेचा हिशेब आज सहज मांडता येतो. एक किलो वजन एक किलोमीटर धावत न्यायला साधारण एक किलोकॅलरी लागते. पंचावन्न किलोचा माणूस धरला तर त्या शर्यतीचा खर्च सुमारे २,३५० किलोकॅलरी होतो. स्नायूंत आणि यकृतात साठलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम दोन हजार किलोकॅलरी पुरवू शकते. उरलेले चरबीतून यावे लागते. चरबीचा तुटवडा सडपातळ माणसालाही नसतो. पाच किलो चरबीतही पस्तीस हजारांवर किलोकॅलरी असतात. अडचण साठ्याची नाही, वेगाची आहे. चरबी हळू जळते आणि तेवढ्याच कामाला ऑक्सिजन जास्त मागते. म्हणून तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ग्लायकोजेन आटले की धावणाऱ्याचे पाय जडावतात, वेग पडतो, डोके चालेनासे होते.

या हिशेबाचा पाया नेमका त्याच वर्षी छापून आला. १९२० मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी स्नायूंच्या कामात चरबी आणि पिष्ट यांचे मोल काय, यावर आपला गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसांना काही दिवस फक्त चरबीयुक्त किंवा फक्त पिष्टमय जेवण द्यायचे, बंद खोलीत सायकलचे पेडल मारायला लावायचे आणि आत-बाहेर जाणाऱ्या हवेचे पृथक्करण करायचे, अशी पद्धत होती. युक्ती साधी आणि सुंदर आहे. पिष्ट जळते तेव्हा जितका ऑक्सिजन आत जातो तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो, म्हणजे गुणोत्तर एक. चरबी जळते तेव्हा ते ०.७ वर उतरते. नुसता श्वास मोजून आत काय जळते आहे ते सांगता येते. क्रोग-लिंडहार्डना दिसले की चरबीवर केलेल्या कामाला सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा मोजावी लागते, आणि चरबीयुक्त आहारावर असलेली माणसे त्याच कामाने लवकर थकतात. क्रोगला त्याच वर्षी नोबेल मिळाले, पण केशवाहिन्यांच्या कामासाठी. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेली दख्खनची पोरे अँटवर्पच्या रस्त्यावर धावत होती, तेव्हा त्यांच्या भाकरीची बाजू घेणारा पुरावा कोपनहेगनमध्ये तयार झाला होता. १९२४ आणि १९२५ मध्ये अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंचे रक्त तपासले गेले. शर्यत संपल्यावर मोडून पडलेल्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली, आणि पुढच्या वर्षी धावता धावता गोळ्या-मिठाई दिल्यावर त्यांची अवस्था चांगली राहिली.

मल्लाचे काय? त्याची गोष्ट मँचेस्टरमध्ये उलगडत होती. आर्चिबाल्ड हिल हा गणिताकडून शरीरशास्त्राकडे आलेला, स्वतः धावण्याचा शौक असलेला माणूस. पाठीवर हवेची पिशवी बांधून तो गवतावर गोल गोल धावे आणि आपलाच उच्छ्वास जमवे. त्याला दिसले की वेग वाढवत नेला तर एका मर्यादेपुढे ऑक्सिजन घेणे वाढतच नाही, तरी माणूस त्याहून जोरात धावू शकतो. वरची ताकद कुठून येते? त्याने उत्तर दिले की शरीर उधारीवर काम करते आणि थांबल्यावर धापा टाकत ती उधारी फेडते. ‘ऑक्सिजनचे ऋण’ ही कल्पना तिथून आली. जर्मनीत ऑटो मायरहोफने दाखवले होते की ऑक्सिजनशिवाय काम करणारा स्नायू ग्लायकोजेन फोडून लॅक्टिक आम्ल तयार करतो. दोघांना मिळून १९२२ सालचे नोबेल मिळाले. तेव्हा सगळ्यांना वाटले की लॅक्टिक आम्लच स्नायूला आकुंचन पावायला लावते.

ते चुकीचे होते, आणि ती चूक दुरुस्त करण्यात एका भारतीयाचा हात होता. आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हार्वर्डला सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करीत होते. १९२७ मध्ये त्यांनी स्नायूतला फॉस्फोक्रिएटिन शोधून काढला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यही त्याच पदार्थापर्यंत पोहोचले होते. १९२९ मध्ये स्नायूतच एटीपी हा आणखी एक पदार्थ सापडला आणि १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगोरने स्नायूला विष देऊन लॅक्टिक आम्ल बनणेच बंद पाडले. तरी स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला, आणि तो पावत होता तोवर फॉस्फोक्रिएटिन खर्च होत होता. म्हणजे स्नायूचे रोख चलन एटीपी, आणि बाकी सारी इंधने ते चलन पुन्हा पुन्हा तयार करून देण्यासाठी.

कोकणातली चूल पेटवताना पाहिलेल्याला ही व्यवस्था लगेच कळेल. पातेरा क्षणात भडकतो आणि विझतो, तो फॉस्फोक्रिएटिन. जोरात उडी, एक डाव, दहा सेकंदांची झेप त्याच्यावर. मग फाटी पेट घेतात, तो ग्लायकोजेन. चढण, शर्यत, दोन मिनिटांची झटापट त्याच्यावर. आणि ओंडका मंद, तासन्‌तास धुमसतो, ती चरबी. सड्यावरची चाल तिच्यावर. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की शरीरात हे तिन्ही एकाच वेळी पेटलेले असतात. कामाचा जोर आणि मुदत पाहून कुणाचा वाटा किती, तेवढे बदलते.

या हिशेबाने मला १९५२ चे हेलसिंकी ऑलिंपिक नेहमी आठवते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटात कुस्तीला उतरले होते आणि त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले, कांस्य. त्या स्पर्धेबद्दल सांगितले जाते की जपानच्या इशीबरोबरची दमछाक करणारी लढत संपताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले. दोन लढतींत किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला आपला अधिकारी तिथे हजर नव्हता. अर्ध्या तासाला इतके महत्त्व का? पुढे स्नायूचा सुईने तुकडा काढून केलेल्या अभ्यासांतून दिसले की खर्च झालेला फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात निम्मा आणि काही मिनिटांत जवळजवळ पूर्ण भरून येतो. पण झुंजीत रक्तात साचलेले लॅक्टेट निम्म्यावर यायलाच पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि पूर्ववत व्हायला तास जातो. नियम करणाऱ्यांनी तो आकडा उगीच घातलेला नव्हता. खाशाबांच्या शरीराला तो अर्धा तास मिळायला हवा होता. ही खंत आपण बाळगायलाच हवी.

लॅक्टेटबद्दलही एक अन्याय दूर करायला हवा. अंग दुखले की लॅक्टिक आम्ल साचले, असे व्यायामशाळांतून आजही सांगतात. ते खरे नाही. लॅक्टेट तासाभरात निघून जाते आणि दुखणे दुसऱ्या दिवशी येते. शिवाय लॅक्टेट ही वाया गेलेली राख नाही, ते इंधनच आहे. अमेरिकेच्या जॉर्ज ब्रूक्सने १९८० च्या दशकात दाखवून दिले की एका स्नायूने तयार केलेले लॅक्टेट दुसरे स्नायू आणि हृदय आवडीने जाळतात.

मग मांड्या दुखतात कशाने? उतरणीने. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच आवळून धरावा लागतो. हे काम ऑक्सिजनच्या दृष्टीने फार स्वस्त असते. १९५२ मध्येच लंडनच्या ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. जोर दोघांचा सारखा, तरी रोखणाऱ्याचा ऑक्सिजनचा खर्च वेगानुसार अडीच ते पाच पटींनी कमी भरला. जाहीर प्रात्यक्षिकात बिगलँडबाईंनी चांगल्या धडधाकट पुरुषाला सहज दमवले. स्वस्त काम असले तरी त्यात स्नायूचे तंतू सूक्ष्म फाटतात, आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्या दुरुस्तीचे असते. भाट्याकडे उतरणाऱ्या पावसकराच्या मांड्यांचे कारण लंडनच्या त्या दोन सायकलींवर सापडले.

आता या कथेतल्या माझ्या सर्वांत आवडत्या माणसाकडे वळतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म ३० ऑगस्ट १८८३, डभोई. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावले, अमळनेरला शिक्षक म्हणून काम केले आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. योगाने शरीरात होते तरी काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या आणि रक्तदाबाच्या साहाय्याने पहिले प्रयोग केले. ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात किती निर्वात दाब तयार होतो, हे त्यांनी नळ्या घालून मोजले. त्या काळी योगाभ्यासाला नळी लावणे म्हणजे धाडस होते. श्रद्धावंतांना ते पाखंड वाटू शकत होते आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना पोरखेळ.

१९३० च्या सुमारास त्यांनी प्राणायामाचा श्वास मोजायला घेतला. उच्छ्वासाची हवा जमवायची, तिचे पृथक्करण करायचे, ऑक्सिजन किती शोषला आणि कार्बन डायऑक्साइड किती टाकला ते काढायचे. तेव्हाही आणि आजही लोक मानतात की प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो. कुवलयानंदांना हे मान्य करणे सोयीचे होते. त्यांच्या संस्थेची कीर्ती त्याने वाढली असती. त्यांनी मात्र मोजलेल्याला प्रमाण मानले आणि लिहिले की प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनमध्ये नाही. ते शोधायचे तर छाती-पोटातल्या दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवरच्या परिणामांत शोधावे. निरोगी माणसाचे रक्त साध्या श्वासानेही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलेच असते. जास्त ऑक्सिजन शरीर तेव्हाच घेते जेव्हा ते काम करून तो जाळते.

१९३२ मध्ये येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हा मूळचा केरळचा तरुण मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला आला. सुमारे वर्षभर कुवलयानंदांकडे राहून तो योग शिकला आणि परत जाऊन स्वतःवरच मोजमापे करवून घेतली. १९३७ मध्ये त्याचे योगावरचे पुस्तक निघाले. पुढे १९६४ मध्ये येलच्या वॉल्टर माइल्सने आकडे तपशिलाने छापले. शांत बसण्याच्या मानाने उज्जायीत ऑक्सिजनचा खर्च सुमारे २४.५ टक्के, भस्त्रिकेत १८.५ टक्के आणि कपालभातीत १२ टक्के वाढला होता. वाढ होती, पण ती श्वासाच्या स्नायूंच्या स्वतःच्या कामाची. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन घेतो. झपाझप चालू लागला की हा आकडा चौपट होतो, म्हणजे तीनशे टक्क्यांनी वाढतो. सूर्यनमस्कार याच्या जवळ येतात. दिल्लीच्या संरक्षण शरीरशास्त्र संस्थेने २००४ मध्ये मोजले तेव्हा ते मिनिटाला सरासरी ३.७९ किलोकॅलरी भरले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कार घालायला लावत होते, त्यामागचा अंदाज खरा होता.

याच वर्षांत पावसमध्ये एक वेगळी साधना चालू होती. १५ डिसेंबर १९०३ रोजी इथे जन्मलेले रामचंद्र विष्णू गोडबोले असहकाराच्या लाटेत शिक्षण सोडून गावी परतले होते. त्यांनी स्वावलंबनाश्रम काढला, पुण्याच्या गणेशनाथांकडून नाथपरंपरेची सोऽहं दीक्षा घेतली, सत्याग्रहात येरवड्याचा तुरुंग भोगला. १९३४ मध्ये ते तापाने इतके खंगले की जगण्याची आशा सुटली होती. त्यातून वाचले आणि पुढची चाळीस वर्षे, १५ ऑगस्ट १९७४ ला समाधी घेईपर्यंत, पावसला देसायांच्या घरीच राहिले. तेच स्वामी स्वरूपानंद. सोऽहं साधनेत श्वास कोंडायचा नसतो की ओढायचा नसतो, चालू श्वासावर अवधान ठेवायचे असते. एका ठिकाणी स्वस्थ बसून केलेल्या अशा ध्यानात ऑक्सिजनचा खर्च वाढत नाही, उलट थोडा उतरतो, हे १९७० नंतरच्या मोजमापांत दिसले आहे. स्वामींच्या साधनेचा अर्थ मी ऑक्सिजनच्या आकड्यांत शोधणार नाही. आणि साधना थोर आहे म्हणून ऑक्सिजनचे आकडेही कुणी फुगवू नयेत. कुवलयानंदांनी हीच शिस्त पाळली होती. दोन्ही गोष्टींचा मान त्यामुळेच राहतो.

हिलही पुढे या कथेत परत येतो. युद्धकाळात, १९४३ च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला, काही महिने प्रयोगशाळा आणि वैद्यकीय महाविद्यालये पाहिली आणि एक मोठी अखिल भारतीय वैद्यकीय संस्था हवी, असे सरकारला सुचवले. १९५६ मध्ये दिल्लीला एम्स झाली. तिचे शरीरशास्त्राचे प्रमुख बी. के. आनंद १९५७ मध्ये अमेरिकेच्या वेंगर आणि बागची यांच्याबरोबर योग्यांचे हृदय-नाडी तपासायच्या प्रकल्पात होते. त्यातले काही काम लोणावळ्याला झाले. हृदय पूर्ण थांबवण्याचा दावा उपकरणांपुढे टिकला नाही. ते छापून आले आणि कैवल्यधामाने त्याला सहकार्य केलेले होते.

इकडे इंधनाचा हिशेबही पुढे सरकत होता. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बेरीस्ट्रोम आणि हुल्टमान यांनी सुईने स्नायूचा कण काढून त्यातले ग्लायकोजेन थेट मोजले. एकाच सायकलवर दोघे दोन बाजूंना बसले, प्रत्येकाने एकाच पायाने पेडल मारले. दमलेल्या पायातले ग्लायकोजेन संपले आणि दुसऱ्यात जसेच्या तसे राहिले. मग तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर दमलेल्या पायात दुसऱ्याच्या दुप्पट साठा झाला. म्हणजे शरीर वापरलेल्या स्नायूलाच जास्त देते. १९६७ मध्ये त्याच गटाने दाखवले की तेवढ्याच जोराने पेडल मारताना चरबी-प्रथिनांच्या आहारावर माणूस तासाभरात थकतो, मिश्र आहारावर दोन तासांच्या आसपास टिकतो आणि पिष्टमय आहारावर पावणेतीन तास किंवा त्याहून जास्त. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन होलोझीला आढळले की रोज धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची विकरे दुप्पट झाली. सरावाने माणसाला दमसास येतो तो असा: स्नायूतल्या भट्ट्या वाढतात, तीच चढण चढताना जास्त चरबी जळते आणि ग्लायकोजेन वाचते. वजन उचलण्याने स्नायू जाड आणि बळकट होतो, पण ही भट्ट्यांची वाढ तेवढी होत नाही. म्हणून एका व्यायामाचे काम दुसरा करीत नाही.

शेवटचा टप्पा पुन्हा पुण्यातला, आणि तो आपल्या सगळ्यांना लागू आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करीत आले आहेत. जानेवारी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल तिथे मोकळेपणाने लिहिले होते की तो म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठण्यासाठीची धाव. दोघांचा फरक केवळ व्यायामाचा नाही. भारतीय बालक जन्मतःच कमी स्नायू आणि तुलनेने जास्त चरबी घेऊन येते, हे याज्ञिकांच्याच अभ्यासातून पुढे आले. पण स्नायू कमी असणे ही आपली जन्माची बाजू असेल, तर ते कामाला लावण्याची गरज आपल्याला इतरांहून अधिक आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची वाट न पाहता ओढून घेतो. हे महत्त्वाचे आहे, कारण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

पावसचा सडा अजून तिथेच आहे, चढण तीच आहे. पायी जाणारे मात्र फार थोडे उरले. स्वामी स्वरूपानंदांच्या मंदिरात दर्शनाला येणारेही दारापर्यंत गाडीने येतात. म्हणून वाचकाला माझी कळकळीची विनंती आहे: आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दम लागेल अशी चाल ठेवा, जमेल तिथे चढण घ्या, आणि दोन दिवस जोर-बैठका किंवा वजन उचलण्याचे काम करा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्लाही हाच आहे. प्राणायाम करत असाल तर मनासाठी, शांतीसाठी जरूर चालू ठेवा, पण तो चालण्याच्या जागी धरू नका. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच सुरुवात करा.